डिस्प्ले बंद, दोष कुठे?

इलेक्ट्रिक बाइकची किल्ली फिरवली, बटण दाबून धरले आणि हँडलवरचा डिस्प्ले उजळलाच नाही, की बहुतेक जण एकाच निष्कर्षावर येतात: डिस्प्ले गेला. मग नव्या डिस्प्लेची चौकशी सुरू होते, तो मिळेपर्यंत गाडी अंगणात उभी राहते आणि कधी कधी नवा जोडल्यावर तोही काळाच राहतो. या प्रकरणात मांडायचा मुद्दा असा, की काळा पडदा हा डिस्प्लेतल्या दोषाचा पुरावा नसतो. बॅटरीपासून हँडलपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी वीज अडली आहे, एवढेच तो सांगतो. डिस्प्ले त्या वाटेच्या टोकाला बसलेला असतो, म्हणून वाटेतला जवळजवळ प्रत्येक दोष तिथे येऊन दिसतो. जायकवाडीचे पाणी पैठण रस्त्याच्या कडेने जलवाहिनीतून छत्रपती संभाजीनगरला येते. शहरातल्या एखाद्या घरी नळाला पाणी आले नाही, तर कुणी आधी तोटी बदलत नाही. टाकी, व्हॉल्व्ह, वाहिनी असा मागे मागे शोध घेतला जातो. काळ्या डिस्प्लेचा शोधही असाच वाटेवर, फक्त उगमाकडून टोकाकडे क्रमाने घ्यायला हवा. तसा घेतला तर पुष्कळदा काही रुपयांच्या फ्यूजवर किंवा तारा जोडणाऱ्या एका कपलरच्या सफाईवर काम भागते.

ही शिस्त नवी नाही, आणि तिची आठवण पैठण रस्त्यावरच्या चितेगावात व्हावी याला कारण आहे. औरंगाबाद–पैठण रस्त्याचा १४ वा किलोमीटर, चितेगाव, तालुका पैठण, हा व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचा नोंदणीकृत पत्ता होता. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनवर रंगीत प्रसारण आले आणि पुढच्या काळात देशभरातल्या घरांत जे रंगीत टीव्ही पोचले त्यांत व्हिडिओकॉनचे नाव ठळक होते. त्या काळी गावोगावच्या टीव्ही मेकॅनिकपुढे ‘डेड सेट’ यायचा, म्हणजे ना चित्र, ना आवाज, ना दिवा. त्याच्याकडे तपासणीचा ठरलेला क्रम असे. आधी पिन आणि कॉर्ड, मग फ्यूज, मग रेक्टिफायर, मग मोठा फिल्टर कपॅसिटर, मग पॉवर सप्लायमधून निघणारे व्होल्टेज. पिक्चर ट्यूबचा नंबर अगदी शेवटी लागे. ट्यूब हा संचातला सर्वांत महाग भाग, आणि पडदा काळा आहे एवढ्यावरून ती बदलायला निघणाऱ्या माणसाला कुणी मेकॅनिक म्हटले नसते. व्हिडिओकॉन २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अशी थांबते तेव्हा तिच्या वस्तू त्याच दिवशी थांबत नाहीत. त्या घरात असतात, आणि पुढे किती चालायच्या हे त्या उघडून समजून घेणाऱ्या हातांवर ठरते.

आज त्याच रस्त्यावर, थोडे पुढे, बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत विजेच्या वाहनांचे दिवस येत आहेत. ॲथर एनर्जीने तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचा कारखाना उभारायचे २०२४ साली जाहीर केले. त्याच वर्षीच्या जुलैत टोयोटा किर्लोस्करने याच जिल्ह्यात मोठ्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार राज्य सरकारशी केला. वाळूजमध्ये बजाजचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहेच. वाहने इथे बनतील, इथल्या रस्त्यांवर धावतील, आणि मग बिघडतीलही. त्या वेळी टीव्ही मेकॅनिकची ती क्रमवार शिस्त आपल्याकडे शिल्लक असेल का, हा या विषयामागचा खरा प्रश्न आहे.

विजेची वाट

क्रम लावायचा तर आधी वाट माहीत हवी. आपल्याकडे ‘ई-बाइक’ या एकाच शब्दात दोन-तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली पॅडलची इलेक्ट्रिक सायकल. दुसरी कमी वेगाची स्कूटर: मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असल्याने कायद्याने ती ‘मोटार वाहन’ ठरत नाही, म्हणून नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. तिसरी नोंदणी झालेली वेगवान स्कूटर किंवा मोटरसायकल. तिन्हींत डिस्प्लेला वीज वेगवेगळ्या तऱ्हेने पोचते, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते.

इलेक्ट्रिक सायकलच्या प्रचलित रचनेत डिस्प्लेकडे पाच तारा जातात. एक बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज आणते, एक ऋण किंवा ‘ग्राउंड’, दोन तारा डिस्प्ले आणि मोटर चालवणारा कंट्रोलर यांच्यातल्या संदेशांची ने-आण करतात, आणि पाचवी तार सगळ्यांत महत्त्वाची: बटण दाबले की डिस्प्ले याच तारेवरून बॅटरीचे व्होल्टेज कंट्रोलरला परत पाठवतो आणि कंट्रोलर जागा होतो. अशा सायकलीत डिस्प्ले हाच गाडीचा मुख्य स्विच असतो. म्हणून तो काळा असताना मोटरही फिरत नाही, आणि त्यावरून ‘कंट्रोलर जळला’ असा दुसरा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

कमी वेगाच्या स्कूटरमध्ये बॅटरीचा संच बहुधा ४८ किंवा ६० व्होल्टचा, म्हणजे १२ व्होल्टच्या चार किंवा पाच बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. सीटखाली पुष्कळदा घरात असते तशी एमसीबी, पुढे फ्यूज, किल्लीचा लॉक, आणि मग कन्व्हर्टर. हा कन्व्हर्टर ४८ किंवा ६० व्होल्टचे १२ व्होल्ट करून हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर यांना देतो. कित्येक गाड्यांत डिस्प्लेही याच १२ व्होल्टवर चालतो. यातून हत्यार हातात न घेता करायची पहिली तपासणी मिळते. डिस्प्ले काळा असताना हॉर्न वाजतो का आणि हेडलाइट लागतो का, ते पाहायचे. तिन्ही बंद पण थ्रॉटल दिल्यावर चाक फिरते, तर संशय कन्व्हर्टरवर किंवा त्याच्या फ्यूजवर. तिन्ही बंद आणि चाकही फिरत नाही, तर एमसीबी, मुख्य फ्यूज, किल्लीचा लॉक किंवा बॅटरी. सगळे चालते आणि फक्त डिस्प्ले काळा, तर मात्र त्याच्या कपलरकडे आणि मग खुद्द त्याच्याकडे वळायचे. (चाक फिरते का हे पाहताना गाडी मधल्या स्टँडवर आणि मागचे चाक जमिनीवरून उचललेले हवे.) या दोन मिनिटांच्या निरीक्षणाने अर्धी वाट संशयातून सुटते.

याच न्यायाने आणखी एक फरक डोळ्यांनीच करता येतो. डिस्प्ले पूर्ण काळा असणे आणि डिस्प्ले उजळून एखादा एरर कोड दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोड दिसतो याचा अर्थ वीज डिस्प्लेपर्यंत पोचली आहे. मग बॅटरी आणि फ्यूज यांवर वेळ घालवू नये. ३० हा कोड अनेक सायकलींत ‘संदेशांची देवाणघेवाण तुटली’ असे सांगतो, म्हणजे शोध संदेशाच्या दोन तारांत घ्यायचा. मात्र कोडांना सर्वमान्य अर्थ नाहीत. २१ हा आकडा एका कंपनीच्या प्रणालीत वेगाच्या सेन्सरचा दोष सांगतो, तर दुसऱ्या एका प्रचलित डिस्प्लेवर तोच आकडा विद्युतप्रवाहातल्या गडबडीबद्दल असतो. इंटरनेटवर दिसलेल्या पहिल्या अर्थावर विसंबून सुटा भाग मागवला, तर पैसे वाया जायची शक्यता मोठी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला अर्थ तेवढाच खरा.

मीटर काय सांगतो आणि काय लपवतो

डोळ्यांचे काम संपले की मल्टिमीटर हवा. बाजारात मिळणारा साधा डिजिटल मीटर या कामाला पुरतो. तो डीसी व्होल्टच्या २०० च्या घरावर ठेवायचा, काळी तार कॉमनमध्ये आणि लाल तार व्होल्टच्या खाचेत. लाल तार चुकून १० ॲम्पियरच्या खाचेत राहिली आणि बॅटरीच्या टोकांना लावली, तर मीटरमधूनच शॉर्ट होतो. ठिणगी उडते, मीटर जळतो, हात भाजतो. म्हणून खाच दोनदा पाहायची. आता बॅटरीच्या आउटपुटवर किती व्होल्ट आहेत ते मोजायचे. ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४२ व्होल्ट दाखवते, ४८ व्होल्टची, १३ सेलच्या मालिकेची, ५४.६. लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्यांचा संच भरून शांत बसलेला असेल तर ५१ च्या आसपास. लिथियम बॅटरीच्या तोंडावर शून्य किंवा अगदी थोडे व्होल्ट मिळाले, तर तिच्या आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटने, पुरवठा तोडलेला असण्याची शक्यता आधी धरावी. बॅटरी फार उतरली, फार तापली किंवा कुठे शॉर्ट झाला, तर तोडणे हेच बीएमएसचे काम आहे. चार्जर लावल्यावर पुरवठा परत आला, तर बहुधा बॅटरी फार उतरलेली होती.

बॅटरीवर पूर्ण व्होल्टेज आहे आणि हँडलजवळच्या कपलरवरही आहे, तरी डिस्प्ले काळा, तर ‘म्हणजे डिस्प्लेच गेला’ असे म्हणायचा मोह होतो. इथे एक सापळा आहे आणि तो आकड्यांनी समजून घेण्यासारखा आहे. समजा, वाटेतल्या एका कपलरच्या पिनवर गंज चढून १,००० ओहमचा अडथळा तयार झाला आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १ कोटी ओहमचा असतो, त्यामुळे मोजताना जवळजवळ काहीच प्रवाह वाहत नाही आणि ४८ व्होल्टमधला जेमतेम ०.००५ व्होल्ट त्या गंजावर खर्च होतो. मीटर निःशंकपणे ४८ दाखवतो. तोच कपलर डिस्प्लेला जोडला आणि डिस्प्लेने समजा २० मिलिॲम्पियर प्रवाह ओढला, की ओहमच्या नियमाने १,००० गुणिले ०.०२, म्हणजे २० व्होल्ट त्या गंजावरच संपतात. डिस्प्लेला २८ व्होल्ट उरतात आणि तो उजळत नाही. दोष गंजाचा असतो आणि आळ डिस्प्लेवर येतो. उपाय सोपा आहे: मोजमाप जोडणी चालू ठेवून, भार असताना करायचे. कपलर न काढता त्याच्या मागच्या बाजूने मीटरच्या बारीक टोकांनी व्होल्टेज मोजायचे आणि बटण दाबल्यावर ते कोसळते का ते पाहायचे. कोसळले तर दोष डिस्प्लेच्या अलीकडे, वाटेतच आहे. ऋण तारेची तपासणीही तितकीच आवश्यक. पुष्कळ जण फक्त धन तार शोधत बसतात, पण वीज परत जायची वाट तुटली तरी पडदा तितकाच काळा होतो.

वाटेत जोड अनेक असतील तर एकेक करून सगळे उघडायची गरज नाही. आठ जोड आहेत असे धरू. मधल्या जोडावर भारासहित व्होल्टेज मोजले आणि ते ठीक निघाले, तर दोष पुढच्या चारांत; नाही तर मागच्या चारांत. पुन्हा त्या चारांच्या मधोमध, पुन्हा दोघांमध्ये. तीन मोजमापांत दोषी जोड सापडतो. घाईत केलेल्या अदलाबदलीपेक्षा हा रस्ता वेगवान आहे, कारण इथे प्रत्येक मोजमापानंतर संशयाचा परीघ निम्म्याने घटतो. एक भाग बदलून पाहिला आणि गाडी सुरू झाली नाही, तर फक्त तो एकच भाग निर्दोष ठरतो, आणि नवा भाग ठीक होता का हा प्रश्न वर उरतोच.

इथल्या हवेत काय बिघडते

कुठे आधी पाहावे हे हवामान आणि रस्ते ठरवतात. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीच्या डिस्प्लेचे तापमान हवेपेक्षा पुष्कळ वर चढते. एलसीडी ठरावीक तापमानापलीकडे गेली की तिच्यातल्या द्रवस्फटिकाची मांडणी मोडते आणि संपूर्ण पडदा काळवंडतो. म्हणून दुपारच्या उन्हात काळा दिसलेला डिस्प्ले सावलीत थंड होऊ द्यावा आणि मगच निदान करावे. आकडे परत आले तर उघडण्याची गरज नाही. पावसाळ्यात आणि त्याहून अधिक वॉशिंग सेंटरवरच्या जोराच्या फवाऱ्याने कपलरमध्ये पाणी शिरते. डीसी विजेत ओलावा असला की धन पिनचे तांबे झिजून हिरवट थर धरतो. खडबडीत रस्त्यांवर जोड सैल होतात. हँडल जिथे वळते त्या मानेजवळ वायरिंग रोज शेकडो वेळा वाकते, आणि तिथे वरचे प्लॅस्टिक शाबूत असताना आतली तांब्याची तार तुटलेली असते. हँडल एका बाजूला वळवल्यावर डिस्प्ले येतो आणि सरळ केल्यावर जातो, हे याचे खात्रीशीर लक्षण. शेतात आणि गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर हेही नेहमीचे कारण. यांपैकी एकाही दोषात डिस्प्ले बदलून उपयोग नाही.

दुरुस्तीही त्या त्या दोषाला साजेशी हवी. गंजलेल्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करायच्या, पूर्ण वाळू द्यायच्या. सायकलींच्या गोल वॉटरप्रूफ कपलरवर बाण असतात. ते समोरासमोर आणूनच कपलर सरळ दाबायचा, पिळायचा नाही. पिळल्याने आतली बारीक पिन वाकते आणि नवाच दोष उभा राहतो. तुटलेली तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. नीट सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी नळी बसवली तरच ती पुढचा पावसाळा पाहील. जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच ॲम्पियरचा फ्यूज घालायचा आणि तोही लगेच गेला तर थांबायचे, कारण पुढे शॉर्ट आहे. फ्यूजऐवजी तांब्याची तार घालणे म्हणजे आगीला मोकळी वाट देणे होय.

आणि दोष खरोखर डिस्प्लेतच असेल तर? भार असताना योग्य व्होल्टेज आणि ग्राउंड दोन्ही डिस्प्लेच्या तोंडाशी पोचत आहेत आणि तरीही तो काळा आहे, हे सिद्ध झाले की तो संशय पक्का. तेव्हाही लगेच फेकून द्यायचे कारण नाही. दाबून दाबून निकामी झालेले बटण, तडा गेलेला सोल्डरचा जोड, आत साठलेला ओलावा हे दोष गावातला मोबाइल दुरुस्त करणारा कारागीरही काढू शकतो. आकड्यांच्या काही रेघाच दिसत नसतील, तर काचेला सर्किट बोर्डाशी जोडणारी रबराची पट्टी आणि तिच्याखालचे संपर्क साफ करून ती पुन्हा नीट दाबून बसवल्यावर रेघा परत येतात. बदलायचाच झाला तर नव्या डिस्प्लेचे व्होल्टेज, कपलर आणि संदेशांची भाषा तिन्ही जुळायला हवेत. कपलर बसला म्हणजे भाषा जुळली असे नाही. एका कंपनीचा डिस्प्ले दुसरीच्या कंट्रोलरशी बोलेलच असे नाही. नवा डिस्प्ले लावल्यावर चाकाचा व्यास, बॅटरीचे व्होल्टेज आणि वेगमर्यादा यांची सेटिंग जुन्याप्रमाणे भरावी लागते. व्यास चुकला तर वेग खोटा दिसतो. वेगमर्यादा वाढवली तर कमी वेगाच्या गाडीला असलेली नोंदणीतली सूट संपते आणि ती विनानोंदणी मोटार वाहन ठरू शकते.

आक्षेपांची उत्तरे

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. विजेच्या गाडीत सामान्य माणसाने हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांजवळ सबळ कारण आहे. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्यावर उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचे दृश्य देशाने पाहिले, आणि अशा घटनांनंतर केंद्र सरकारने बॅटरी सुरक्षेचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. पण धोका सगळीकडे सारखा नाही. वाहनांच्या सुरक्षामानकांत ६० व्होल्ट डीसी ही उच्च व्होल्टेजची सीमा मानली जाते. ३६ आणि ४८ व्होल्टच्या गाड्या तिच्या खाली आहेत. ७२ व्होल्टची लिथियम बॅटरी भरल्यावर ८४ व्होल्टपर्यंत जाते, म्हणजे तिच्या वर. लेड-ॲसिडच्या पाच बॅटऱ्यांचा संचही चार्ज झाल्यावर ६० ओलांडतो. त्यामुळे ६० व्होल्ट आणि त्यावरच्या गाड्यांची मुख्य वायरिंग प्रशिक्षित मेकॅनिककडेच सोपवावी. कमी व्होल्टच्या गाड्यांतही शॉर्टचा धोका असतो: अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवायचे, कपलर उघडण्याआधी किल्ली आणि एमसीबी बंद करायची, बॅटरी सोडवायची, आणि कंट्रोलरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला काही मिनिटे द्यायची. बॅटरीचा पॅक मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडायचा नाही. या मर्यादा पाळल्या तर डिस्प्लेच्या वाटेची तपासणी सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. धोक्याची नेमकी जागा माहीत असलेला माणूस, धोक्याला सरसकट घाबरणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो, कारण घाबरणाराच शेवटी फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्या कुणाच्या तरी हाती गाडी देतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. डिस्प्ले काही फार महाग नसतो, मेकॅनिकचा वेळही फुकट नसतो. मग सरळ बदलून का टाकू नये? बदलणे चुकीचे नाही, न तपासता बदलणे चुकीचे आहे. वाटेतल्या दोषाने जुना डिस्प्ले काळा पडला असेल, तर नवाही काळाच राहील. कन्व्हर्टर बिघडून १२ ऐवजी जास्त व्होल्ट देत असल्यामुळे जुना जळाला असेल, तर नवाही जळेल. शिवाय विजेचा भाग एकदा बसवला की दुकानदार तो परत घेत नाही. व्होल्टेज मोजायला लागणारी दहा मिनिटे ही त्या नव्या डिस्प्लेच्या किमतीचा विमा आहेत.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळे जुन्या आणि स्वस्त गाड्यांना लागू पडते. आजच्या स्कूटरचा डिस्प्ले हा संगणकच असतो, त्याचे सॉफ्टवेअर कुलूपबंद असते आणि कंपनीच्या यंत्राशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही. यात तथ्य आहे. तरीही त्या संगणकाला वीज आणि ग्राउंड लागतातच. अशा पुष्कळ गाड्यांत भागांमधले संदेश कॅन बसवरून जातात. बॉशने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या या प्रणालीचा प्रवास फक्त दोन तारांवर होतो, आणि तिच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून त्या दोन तारांमध्ये मोजले तर ६० ओहमच्या आसपास मिळायला हवेत. १२० मिळाले तर एका टोकाशी संबंध तुटला आहे. शून्याजवळ मिळाले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. हे साध्या मीटरने कळते. सॉफ्टवेअरचा दोष त्यानंतरच उरतो, आणि तो कंपनीकडेच न्यावा लागतो. वॉरंटी असलेल्या गाडीची तर सुरुवातच कंपनीकडे व्हावी; मालकाने बाहेरून दिसते तेवढे पाहावे, वायर कापू नये आणि सीलला हात लावू नये.

मात्र याच आक्षेपातून एक मोठी गोष्ट पुढे येते. कुलूप कंपनीने लावलेले आहे, निसर्गाने नाही. जुन्या काळी अनेक रेडिओंच्या पेटीत, मागच्या झाकणाच्या आत, सर्किटची आकृती चिकटवलेली असे. आज लाखभराच्या स्कूटरसोबत वायरिंगची आकृती मिळत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारवाहनांचा समावेश केला, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. दिशा बरोबर आहे; पण पोर्टलवर येणे कंपन्यांच्या मर्जीवर आहे, आणि सेवा केंद्राचा पत्ता व वॉरंटीच्या अटी एवढ्याने गावातल्या मेकॅनिकचे काम होत नाही. त्याला वायरिंगची आकृती, एरर कोडांचे अर्थ आणि सुटे भाग हवेत. ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा आयटीआयचा स्वतंत्र ट्रेड सुरू झाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सचे प्रशिक्षण देणारी ‘नाइलिट’ ही केंद्र सरकारची संस्था संभाजीनगरच्या विद्यापीठ परिसरात आहे. शिकणारी मुले तयार होत असताना कागद मात्र कंपन्यांच्या कपाटात बंद राहिले, तर ते शिक्षण अपुरेच राहील. चार कंपन्या बाजारातून गेल्या तर त्यांच्या हजारो गाड्या केवळ एका आकृतीअभावी ई-कचरा होतील. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत; पण कचऱ्याची विल्हेवाट लावण्याआधी वस्तूचा कचरा होऊ न देणे हे अधिक स्वस्त आणि अधिक शहाणपणाचे.

म्हणून वाचकाला सांगणे एवढेच. गाडी घेताना मायलेज आणि रंग विचाराल तेव्हा वायरिंगची आकृती, कोडांची यादी आणि डिस्प्लेसारख्या भागांची सुटी किंमतही विचारा. जी कंपनी ती देत नाही, तिच्या गाडीची खरी किंमत पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त आहे असे समजा. घरात एक मीटर ठेवा आणि डिस्प्ले काळा दिसेल त्या दिवशी बॅटरीपासून सुरुवात करा. दोष सापडेपर्यंत एकही नवा भाग विकत घेऊ नका.